बारा लाल डबे

“सूनबाई, माझी कपाटातली बाटली कुठंय?” सासरे कडाडले. मी त्यांना हाताला धरून कॉफीच्या मळ्यात नेलं. गेल्या हंगामात तिळाएवढ्या भुंगेऱ्यांनी निम्मी फळं पोखरली होती. यंदाही तेच झालं तर झाडं उपटायची, असं सासऱ्यांनी ठरवलं होतं. मी फांदीला टांगलेला लाल डबा उतरवला. “बाबा, भुंगेऱ्यांना दारूचा वास खेचून आणतो. परवा तुमचीच ओतलीय यात.” त्यांनी चष्मा पुसून आत डोकावलं. शेकडो मेलेले भुंगेरे! “दोन दिवसांत एवढे?” “असे बारा डबे टांगलेत!” सासरे झाडाझाडाकडे धावले, प्रत्येक डबा हलवून ओरडले, “हाही भरलाय गं!” मग तडक घरी जाऊन खताच्या पोत्यांमागच्या तीन बाटल्या आणून माझ्यापुढे मांडल्या. “ओत सगळ्या! आता थेंबही शिल्लक नाही.” त्यांच्यामागून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “आणि ती पंपाच्या खोलीतली?”