तांबडी रेघ

"फाड ते पान," विभागप्रमुख म्हणाले. "आत्ता, माझ्यासमोर."

तिसऱ्या वर्षाची ती विद्यार्थिनी जागची हलली नाही. बाकीचा वर्ग वहीत तोंड खुपसून बसला.

वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातून एकदा साहित्याचा तास असायचा, तो विभागप्रमुख सरच घ्यायचे. आधी एखादी कथा वाचायची, मग आपल्या रुग्णाविषयी मनापासून एक पान लिहायचं. मनापासून म्हणजे सरांना आवडेल असं, हे शहाण्यांना पहिल्याच तासाला उमगलं होतं. पानावर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे.

हिने लिहिलं होतं शिवणकाम करणाऱ्या एका मावशींबद्दल. सरांच्याच वॉर्डात पोट धरून तीन दिवस त्या विव्हळत होत्या. येणारा-जाणारा हसून पुढे जात होता. चौथ्या दिवशी त्यांचं आतडं फुटलं. मावशी गेल्या, तेव्हा त्यांचा हात हिच्या हातात होता. हिला रडू आलंच नाही, नुसता संताप आला, आणि तो अजून उतरला नव्हता.

सरांनी पान उचललं. एका ओळीखाली त्यांनीच ओढलेली तांबडी रेघ होती. इतकी जोरात की कागद फाटायचाच बाकी होता.

"ऐका रे सगळे. 'बाई कांगावखोर आहे, तक्रारींकडे लक्ष देऊ नये.' मरणाच्या दारातल्या बाईबद्दल हे असं लिहायचं? अशा वेळी दगडालाही पाझर फुटतो! हे लिहिणाऱ्याला डॉक्टर म्हणायची मला लाज वाटेल."

"मलाही वाटते, सर."

"मग खोड ते."

"नाही खोडणार."

"वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे."

शेजारची मैत्रीण तिची बाही ओढत पुटपुटली, "अगं, नमतं घे ना! घरी काय सांगशील?"

घरी काय सांगायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तरी ती उठली. मावशींच्या केसपेपरची प्रत तिने टेबलावर ठेवली आणि इंग्रजीतल्या तीन शब्दांवर बोट टेकवलं. सरांनी चष्मा सारखा केला.

"मातृभाषेत लिहा, असं तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "वाक्य तुमचंच आहे, सर. मी फक्त मराठीत आणलं."