केसमध्ये नसलेली सूज

घंटा झाली आणि आजींनी पोट धरलं.

पडदा सारून एक किडकिडीत मुलगी आत आली. पांढऱ्या कोटाच्या बाह्या तिने कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. कोपऱ्यातल्या टेबलामागे परीक्षक कागदात मान घालून बसले होते.

"आजी, काय होतंय?"

"मळमळतंय गं. कालपासून अन्न दिसलं तरी नको होतं."

सकाळपासून आजी हेच सांगत होत्या आणि दर वेळी त्यांना खरंच थोडं मळमळत होतं. मेडिकल कॉलेजच्या परीक्षेत त्या पेशंटचं सोंग घ्यायच्या. आजच्या केसमधली बाई तापाला एक गोळी घेणारी, सर्दीला दुसरी, कंबरेला तिसरी. तिन्हींत एकच पॅरासिटामॉल, हे तिच्या गावीही नाही. परीक्षा देणाऱ्या मुलांनी ते हुडकायचं आणि शेवटची गोळी कधी घेतली ते विचारायचं, कारण एवढ्या पॅरासिटामॉलवर उतारा वेळेत दिला तरच लिव्हर वाचतं.

कॉलेजची अट एकच होती. पेशंट होणाऱ्याची तब्येत ठणठणीत हवी, खऱ्या दुखण्याने मुलांचा गोंधळ होतो. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना एकदा खरा खोकला लागला, तर त्यांना चहा पाजून घरी पाठवलं. ते पुन्हा दिसले नाहीत. आजींना हे काम सोडायचं नव्हतं. इथे दिवसभर कोणी ना कोणी येऊन विचारायचं, जेवलात का, झोप लागते का.

"घरी कोण कोण असतं?" मुलीने विचारलं.

"मुलगा, सून, नातवंडं. सगळे आहेत."

मुलीने डोळ्यांत पिवळेपणा आहे का पाहिलं, पोट दाबून पाहिलं. मग तिने पायांवरची चादर उचलली. सकाळपासून कोणी ती उचलली नव्हती. घोट्याजवळ अंगठा दाबून तिने सोडला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"ही सूज कधीपासून?"

"ते केसमध्ये नाही," आजी पुटपुटल्या.

"केसमध्ये नाही, पण पायात आहे."

"हळू बोल, पोरी. यांना कळलं तर मला परत बोलवायचे नाहीत."

मुलीने टेबलाकडे पाहिलं आणि खाट नि टेबल यांच्या मध्ये सरकून उभी राहिली.

"रक्तदाबाची गोळी चालू आहे?"

"हो. मध्ये डॉक्टरांनी वाढवून दिली. आकडा खालीच येईना."

"आणि गुडघ्यांसाठी काही?"

"मेडिकलवाला देतो एक लाल गोळी. चांगला आहे बिचारा, काही विचारत नाही."

"तिनेच आकडा चढत असणार, आजी. अंगात पाणीही धरते ती. त्यात रक्तदाबाची वाढवली, तर तिनेही पाय सुजतात."

"म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला!"

मुलीला हसू आलं. ते तिने दुमडलेल्या बाहीत दडवलं.

"डॉक्टरांना लाल गोळीचं सांगितलं नाहीत?"

"त्यांनी कुठे विचारलं?"

"बरं, पण एवढे पाय सुजलेत, सुनेच्या लक्षात नाही आलं?"

"कुठली सून?"

मुलीने मान वर केली.

"अगं, ती केसमधली," आजी म्हणाल्या.

मुलीचा हात घोट्यावरच होता. तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली.

"लाल गोळी आजपासून बंद," ती घाईघाईने कुजबुजली. "रक्तदाबाची मात्र मनाने सोडू नका. उद्या ओपीडीत या, मी असते."

"तिथे सगळे ओळखतात गं मला."

परीक्षकांनी पेन टेबलावर आपटलं. "शेवटची गोळी कधी घेतली, विचारलंत?"

"नाही, सर."

"उतारा?"

"नाही, सर."

"म्हणजे तुमचा पेशंट गेला."

"अजून आहे हो मी," आजी खाटेवरून म्हणाल्या.

"पेशंटने मध्ये बोलायचं नाही." त्यांनी मान वर केली नाही. "मग एवढा वेळ काय करत होतात?"

"सूज बघत होते, सर."

"या केसमध्ये सूज नाही."

मुलीने आजींकडे पाहिलं. आजी पडद्याकडे बघत होत्या, चादरीची कड मुठीत आवळून.

"नाही, सर," मुलगी म्हणाली आणि निघून गेली.

पडदा थोडा वेळ हलत राहिला. घोट्यावरचा खळगा अजून बुजला नव्हता. पाय झाकायला आजी वाकल्या, हात अर्ध्यावर गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. पाय तसेच उघडे ठेवून त्या उशीला टेकल्या.

घंटा झाली. या वेळी नीट भांग पाडलेला एक मुलगा आत आला.

"येऊ का, आजी?"

खाटेशी येताच त्याला उघडे पाय दिसले. त्याने हलक्या हाताने चादर ओढली, दोन्ही पाय नीट झाकले, कडा गादीखाली खोचल्या. परीक्षकांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि त्याला सौजन्याचा एक गुण दिला.

"घरी कोण कोण असतं, आजी?"

आजींनी पोट धरलं.

"सगळे आहेत," त्या म्हणाल्या.