होसकोट्याचा स्टोव्ह

स्टोव्ह काही केल्या भडकत नव्हता.

उल्काने पुन्हा पंप मारला. निळी ज्वाला सूं सूं करत सरळ वर गेली आणि तिथंच गुमान उभी राहिली. उल्का मात्र एका जागी उभी राहीना. ती कॅमेऱ्यापाशी जाई, खिडकीपाशी जाई, परत स्टोव्हपाशी येई.

"मॅडम, स्वल्प बसा," हयवदन म्हणाला. प्रयोगशाळेत तो तिच्या जोडीला असे. "स्टोव्ह तुमच्यापेक्षा शांत आहे."

यशवंतपूरच्या अलीकडे होती ती प्रयोगशाळा. एरवी तिथं मोठ्या बर्नरच्या ज्वाला मोजत. त्यांचा कॅमेरा निराळा होता. मोठ्या भिंगाच्या मागे बारीक बारीक भिंगांची एक काच होती, माशीच्या डोळ्यासारखी. प्रत्येक भिंगाला ज्वाला जराशी वेगळ्या बाजूने दिसे. मग कॉम्प्युटर घरघरत हिशेब करी आणि ज्वालेची कुठली जीभ पुढं आहे, कुठली मागं, ते सांगे. साध्या फोटोत आग सपाट असते. यात तिला पोट असे, पाठ असे.

आज मात्र बर्नरच्या जागी होसकोट्याहून आणलेला पितळी स्टोव्ह होता. उल्काच्या धाकट्या बहिणीच्या, चंदनाच्या सासरचा. महिन्यापूर्वी तो भडकला होता आणि चंदना भाजली होती. टाकीला साधा पोचाही आला नव्हता.

त्या वर्षांत गॅसचा नंबर लागायला घरं वाट बघत बसत, आणि पेपरात आतल्या पानावर अशी बातमी अधूनमधून असेच. दोन ओळींची. स्टोव्हचा भडका, सून भाजली. लोक वाचत, हळहळत, पान उलटत.

चंदना वाचली. पोलिसांना तिनं स्वतःच सांगितलं, स्टोव्ह भडकला. "देवानं पोरीचं तोंड राखलं, हात राखले," बसवनगुडीला माहेरच्या घरी येईल त्याला आई सांगे. आज चंदनाला दवाखान्यातून सोडणार होते. सासू न्यायला येणार होती. पण चंदना जायला तयार नव्हती. का, म्हणून विचारलं की एकच उत्तर.

"मला स्टोव्हची भीती वाटते."

उल्काला ते उत्तर चैन पडू देत नव्हतं. कारण सापडलं की भीती जाईल, भीती गेली की चंदना आपल्या घरी जाईल, असं तिला वाटे. सासूबाईंनी, सकवारबाईंनी, स्टोव्ह मागताक्षणी दिला होता. "घेऊन जा बाई. घरात नको ती अवदसा."

शेवटी हयवदनने स्टोव्हच्या छिद्रात काजळी कोंबली. उल्काने रॉकेलमध्ये पाणी मिसळलं. स्वयंपाक करणारी बाई बसते तिथं स्टूल ठेवून त्यावर एक जुनी साडी घातली. लांबून नळीने टाकीत हवा सोडली. स्टोव्ह फुरफुरला, थुंकला, आणि पिवळा भडका स्टुलावर झेपावला. कॅमेऱ्याचा खटका वाजला. साडीच्या निऱ्या पेटल्या. हयवदनने वाळूची बादली उपडी केली.

"सापडलं!" उल्का ओरडली. "छिद्र तुंबलं होतं!"

कॉम्प्युटरने चित्र काढायला अख्खी दुपार घेतली. जवळची आग तांबडी, लांबची निळी. कागद बाहेर आला तसा तिनं तो ओढून घेतला आणि रिक्षा पकडली.

"लौकर, लौकर," ती म्हणत राहिली.

"सरी अक्का, सरी," रिक्षावाला होकारार्थी मान डोलावत म्हणाला. "सिग्नलला सांगा की तुम्हीच."

वॉर्डात चंदना पालथी पडली होती, गाल उशीवर टेकवून. तशीच पडून होती महिनाभर. पलीकडे सकवारबाई तिचे कपडे पिशवीत भरत होत्या.

"बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "समजाव हिला. रिक्षा केव्हाची खाली उभी आहे."

पाठीमागून तो आवाज आला तशी चंदना अंग चोरून पडली.

उल्का खाटेशी उकिडवी बसली. तिनं कागद बहिणीच्या डोळ्यांसमोर धरला.

"चंदू, बघ. तुझी काही चूक नव्हती. छिद्र तुंबलं होतं. ही तांबडी दिसते ना, ती तुझ्या अंगावर आलेली आग. अशी समोरून आली, थेट निऱ्यांवर. मी नवा स्टोव्ह घेऊन देते. मग भ्यायचं काय कारण?"

चंदनाने चादरीतून हात बाहेर काढला. नितळ हात. काचेच्या बांगड्यासुद्धा जिथल्या तिथे. तिनं कागदावरच्या तांबड्या आगीवरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.

"अक्का," ती अगदी हळू म्हणाली, "तुझ्या कॅमेऱ्याला मागून आलेली आग दिसते का गं?"

उल्काने तिच्या हाताकडे पाहिलं. तोंडाकडे पाहिलं. मग मानेपासून कमरेपर्यंत पट्ट्यांनी गुंडाळलेल्या पाठीकडे पाहिलं. रोज येऊन ती या खाटेशी बसली होती. रोज ही पाठ तिच्यासमोर होती.

"चला की आता," सकवारबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "किती वेळ ते चित्र बघायचं?"

उल्का उठली. तिनं सकवारबाईंच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि चंदनाच्या उशाशी ठेवली.

"दिसते," ती बहिणीला म्हणाली. "आता दिसली."