दाईला एकच वाक्य

कमरेला खोचलेला फोन पुन्हा थरथरला. पूर्णिमा कापडी बाळ झुलवत रंगमंचाच्या कोपऱ्यात तशीच उभी राहिली. दाईनं हलायचं नसतं. त्या जुन्या गाजलेल्या नाटकात लिहिणाऱ्यानं तिला एकच वाक्य दिलं होतं, ‘जी बाईसाहेब.’ ते पहिल्याच अंकात संपलं होतं.

फोन नवऱ्याचा, दुसऱ्या कुणाचा असणार! सम्राट हे नुसतं नाव. दोन वर्षांच्या पोरीला घेऊन बसायचं म्हटलं की राज्य डळमळायचं. आज तो शिरोलीच्या फाउंड्रीतून लवकर आला, तेही उपकार केल्यागत. ती निघताना उंबऱ्यातच म्हणाला होता, "तेजू रडली तर हे नाटकबिटक आजपासनं बंद. ध्यानात ठेव."

तेजू झोपायच्या वेळी रडतेच, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पूर्णिमाचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगी रडून लालबुंद झाली असेल. आणि हे सुटलं तर पुन्हा ते शिलाई मशीन, त्याच चार भिंती. एका वाक्याची का होईना, तिची स्वतःची म्हणावी अशी एवढीच जागा होती.

समोर शेवटचा प्रवेश रंगला होता. बाईसाहेब झालेली संयोगिता एरवी कारखानदाराची सून; तिचं तान्हं घरी कामाला असलेली बायडाबाई सांभाळायची. बाईसाहेबांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा नवऱ्यापुढं, इनामदारापुढं फेकला. "या वाड्यात मला मन आहे, हे कुणी विचारलंच नाही. मी निघाले!" दार धाडकन आपटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

आता खुर्चीत बसल्या बसल्या इनामदाराचं लांबलचक स्वगत. पडदा पडेपर्यंत दाईनं मागं बाळ झुलवायचं. तालमीत दिग्दर्शकांनी सांगितलंच होतं, "तू नुसती उभी ऱ्हा. तुझ्याकडं कोण बघत न्हाय."

फोन थरथरला. पूर्णिमानं हातातल्या बाळाकडं पाहिलं, मग त्या बंद दाराकडं. बाईसाहेब गेल्या, बरं झालं. पण एवढ्या ठसक्यात गेल्या त्या कुणाच्या जिवावर? इतक्या तालमी झाल्या, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला एकदम राग आला. इनामदाराचा, बाईसाहेबांचा, त्या लिहिणाऱ्याचा आणि सम्राटचाही.

ती पुढं आली. इनामदार झालेल्या राजवीरच्या मांडीवर तिनं बाळ ठेवलं.

"धरा मालक," ती म्हणाली. "पोरगं तुमचंच हाय."

आणि बाईसाहेब गेल्या त्याच दारानं ती बाहेर पडली. क्षणभर कुणाला काही कळेना. मग कुस्ती चितपट झाल्यावर मैदान उसळावं तसं नाट्यगृह उसळलं.

विंगेत संयोगिता कावरीबावरी उभी होती. "अगं, तू कशी बाहेर आलीस? आता पोराला कोण बघणार?"

 फोन थरथरतच होता, तो पूर्णिमानं उचलला. मागं तेजूचा टाहो.

"माझ्याजवळ ऱ्हात न्हाय ही!" सम्राट ओरडला. "आता मी काय करू?"

पूर्णिमानं विंगेतून डोकावलं. राजवीर स्वगत रेटत होता. एक हात हवेत होता, दुसरा बाळाच्या पाठीवर, आणि मांडी आपोआप हलत होती.

"हितं इनामदार करत्यात तेच कर की," ती म्हणाली. "मांडी हलीव. पडदा पडल्याबिगर मी काय निघत न्हाय."