भरीव दार

"दार कुणी केलं?" पोलिसांच्या शस्त्रतज्ज्ञानं वर न बघता विचारलं.

"यांनीच. आमच्या दादांनी." नर्सबाईंनी उंबऱ्याशी हत्यारांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या सुताराकडे बोट केलं. दार बिजागऱ्यांवरून उतरवून पोलिसांच्या गाडीत चढवायचं होतं, म्हणून त्याला बोलावलं होतं.

काल दुपारी नर्सबाईंच्या जावयानं फाटकातून दुनळी बंदूक झाडली होती. एका नळीत गोळी, दुसरीत छर्रे. त्या वेळी मुलगी आतून दोन्ही हातांनी दार रेटून उभी होती. आता ती इस्पितळात होती आणि डाव्या डोळ्याचं काही खरं नव्हतं. नर्सबाई तिचे कपडे न्यायला तेवढ्या घरी आल्या होत्या.

दारावर वरच्या बाजूला अंगठा जाईल एवढं भोक होतं. त्याखाली गोवर उठावा तशी बारीक छिद्रं.

तज्ज्ञानं भोकावर पेन्सिल टेकवली. "ही गोळी. हिच्यापुढे साग काय आणि पुठ्ठा काय. घरचं कुठलंच दार हिला अडवत नाही."

सुताराचा जीव भांड्यात पडला. तो पडल्याचं त्याचं त्यालाच कळलं आणि कान तापले.

"गोळी नाही लागली तिला," नर्सबाई म्हणाल्या. "ती त्या भिंतीत आहे. तिला छर्रे लागले."

"छर्रे?" तज्ज्ञ थांबला. "फाटक इथून वीस पावलं. इतक्या लांबून भरीव लाकडात ते नखभर जातात. तिथंच अडकतात."

"भरीवच आहे. हो ना, दादा? तुम्हीच म्हणाला होतात, तोफ आणली तरी हलणार नाही. म्हणून तर मी ओरडले तिला, खिडकीशी नको, दारामागं राहा." त्यांचा आवाज बारीक झाला. "मीच उभं केलं तिला तिथं."

तज्ज्ञानं एका छिद्रात तार घातली. बाहेर आली तेव्हा टोकाला भुऱ्या पुठ्ठ्याचा कपटा होता. सुताराला दिसेल असा त्यानं तो क्षणभर धरला, मग पाकिटात टाकला.

"उतरवा, मिस्त्री."

आत्ताच सांगायला हवं होतं. कामाची घाई होती, तयार पोकळ दार आणलं, वर सागाचा पापुद्रा चिकटवला. एवढंच. वाक्य जिभेवर आलं आणि हात पेचकसाकडे गेला. स्क्रू सैल होते, तरी त्यानं बराच वेळ लावला. शेवटची बिजागरी सुटली, दार खांद्यावर आलं, तसा तो कण्हला.

"कुणाला तरी हाक मारा, ताई. जड आहे. एकट्याचं काम नाही."

तज्ज्ञ दुसरीकडे बघू लागला.

"मी आहे की. वॉर्डात रोज माणसं उचलते." नर्सबाईंनी खालून हात घातला, दम धरला आणि सगळा जोर लावून उचललं. दार झटक्यात इतकं वर आलं, की त्याची कड सुताराच्या कपाळावर आदळली.

नर्सबाईंनी दार हातातल्या हातात तोललं. एकदा. पुन्हा एकदा.

"ताई..."

"सोडा, दादा," त्या म्हणाल्या. "सोडा."

आणि दार काखेत मारून त्या एकट्याच पायऱ्या उतरल्या.