भरलेला जार

शेखर द्राक्षबागेच्या तोंडाशी वेलींच्या देठांचा तपासणी रिपोर्ट वाचत उभा होता. भिमाबाईने त्यावरच आपला कागद ठेवला. हरसूलहून विरळणीला, म्हणजे घडांतले जादा मणी काढायला आलेल्या बारा बायांची ती मुकादम. अक्षरओळख नाही, पण कोणता कागद कुणापुढे ठेवायचा हे तिला बरोबर कळायचं.

"हा बी वाचा, शेठ."

"लघवीचा रिपोर्ट? कुणाचा?"

"आमच्या सरिताचा. सातवा लागलाय तिला. काल शहरात लॅबमधी नेली व्हती."

शेखर जरा संकोचला. पण आकडा दिसला की वाचल्याशिवाय त्याला राहवत नसे. "पस सेल्स चाळीस ते पन्नास. पाहिजेत शून्य ते पाच."

"पांढऱ्या पेशी त्या. लॅबवाल्या ताईला मी सोडलंच नाय, पुरतं समजेस्तोवर. आत जंतू शिरले का त्या धावून जातात. एवढ्या जमल्या म्हंजे जंतूंचा लय जोर हाय. डॉक्टरीणबाई म्हनल्या, असंच चाललं तर पोर दिवस भरायच्या आधी येईल."

"मग गोळ्या द्या ना तिला."

"दोनदा दिल्या. आजपासून तिसऱ्यांदा." भिमाबाईने झाडाखालच्या पाण्याच्या जारकडे बोट केलं. "तो संध्याकाळी भरलेलाच जातो ना माघारी?"

जायचा खरा. आपल्या बाया इतक्या काटक की दिवसभर पाणीसुद्धा मागत नाहीत, असं शेखर चारचौघांत कौतुकानं सांगायचा.

"पाणी प्यालं का जावं लागतं. चारी बाजूंनी गडीमानसं. जायचं कुठं? म्हनून कोनी पीत नाय. लागली तरी दाबून धरतात. मंग जंतू आतच वाढतात, गोळ्या काय करनार?"

भिमाबाईने आवाज चढवला नाही, हातही जोडले नाहीत. शेठपुढे असं उभं राहायला छाती लागते, आणि ती तिच्याकडे होती. तिने खालचा, वेलींचा कागद वर ओढला.

"वेलीचा आकडा बिघडला का तुम्ही त्याच दिवशी इलाज करता. गेल्या साली जेवनावरून उठून खत आणायला पळाले व्हते. आता हा आमचा आकडा."

वेलींच्या ओळीत सगळ्या बायांचे हात थांबले होते. सरिता खांबाला टेकून उभी होती. शेखरने दोन्ही कागद एकत्र घडी करून खिशात घातले आणि फोन काढला.

अकराच्या आत बांधाकडेला पत्र्याचा आडोसा उभा राहिला. आत पाण्याचा ड्रम, पुढे कडीचं दार. पक्कं बांधकाम या आठवड्यात करतो, असंही तो म्हणाला. भिमाबाई आत गेली आणि कडी नीट लागते का ते दोनदा बघून आली. मग तिने जारमधून तांब्या भरून आधी सरिताच्या हातात दिला. सरिताने एकदा त्या दाराकडे पाहिलं आणि तांब्या रिकामा केला.

दुपारी दोनच्या सुमाराला भिमाबाईची बांधावरून खणखणीत हाक आली,

"शेठ, जारमधलं पाणी संपलं!"