शेळीचं पुढं काय झालं

"आई, आज तुझी चोरी सापडणार बघ," असं म्हणत अंगदनं टीव्हीवर सिनेमा लावला.

भर दुपारी गल्लीतली सात-आठ लेकरं दाटीवाटीनं येऊन बसली होती. चांगुणाबाई त्यांच्या मधोमध. हिंगोलीच्या टॉकीजमध्ये तिनं हा सिनेमा अर्धाच पाहिला होता. मध्यंतराला पोटात कळा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी अंगद जन्मला. त्याला आता सदतीस वर्षं झाली.

सिनेमातले दोघं भाऊ शहरात भाड्याच्या खोलीत शेळी लपवून ठेवतात आणि 'आजारी आत्या आलीय' म्हणून घरमालकाला बनवतात. ही गोष्ट हट्टा गावातल्या लेकरालेकराला पाठ होती. चांगुणाबाईनंच सांगितलेली, शेवटासकट. तिच्या शेवटात शेळी मालकाच्या दिवाणखान्यातच व्यायची. मालक स्वतः तिचं बाळंतपण करायचा आणि म्हणायचा, "आता आत्या कुठं जायची न्हाई."

पडद्यावर मालकानं पांघरुणाखालच्या आत्याला काढा पाजला. आत्या शिंकली. लेकरं हसून लोळली. चांगुणाबाई तर शिंकेच्या आधीच हसली होती.

मध्यंतरानंतरचं मात्र तिलाही नवं होतं. पळापळ झाली, गैरसमज मिटले, दोन्ही भावांची लग्नं लागली. सगळे फोटोला उभे राहिले. समाप्त.

"आजी, शेळी तर व्यालीच न्हाई," लेकरांतली प्रतीक्षा म्हणाली. सगळी लेकरं आजीच्या तोंडाकडं बघू लागली.

"इतकी वर्षं मनानंच सांगून राहिली व्हय?" अंगद हसला.

चांगुणाबाईचे कान तापले. पण क्षणभरच.

"मागं घे," ती म्हणाली. "शेळी दारातून आत येती, तिथं. हं, थांबव."

ती उठली आणि तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"कास बघ. पोट बघ. आठ दिवसांत व्यायला झालेली शेळी हाय ही. फोटोच्या नादात त्यांना दिसलीच न्हाई, त्याला मी काय करू? मी सांगते ते पुढचं हाय. दोन करडं हाईत हिच्या पोटात."

अंगदचा जन्म शेळ्यांतच गेलेला. तो टीव्हीजवळ सरकला. वाकून, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला.

"दोन न्हाई, आई," तो म्हणाला. "तीन दिसतेत."